घरच्या स्वयंपाकातील ओरेगॅनो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओरेगॅनोची लहानशी बाटली आज अनेक मराठी स्वयंपाकघरांत असते. मात्र ती बहुतेक वेळा पिझ्झाच्या दिवशीच उघडली जाते, आणि तेव्हाही तिच्यातली पाने तयार पदार्थावर वरून भुरभुरली जातात. या पानांचा स्वाद तेल, माफक उष्णता आणि थोडा वेळ मिळाल्याशिवाय खुलत नाही, आणि पुढील बहुतेक उत्तरे फिरून याच गोष्टीपाशी येतात.

ओरेगॅनो ही नेमकी कोणती वनस्पती आहे?

ओरेगॅनो ही तुळस आणि पुदिना यांच्या कुळातील बहुवर्षायू वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव ओरिगॅनम व्हल्गेर असे आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या, खडकाळ आणि भरपूर उन्हाच्या डोंगरउतारांवर ती आपोआप उगवते. तिच्या अनेक उपजाती आहेत आणि सगळ्यांना सारखा वास नसतो. बागेत शोभेसाठी लावली जाणारी, गुलाबी-जांभळ्या फुलांची जात स्वयंपाकात फारशी उपयोगी पडत नाही, तर पांढऱ्या फुलांची ‘हिर्टम’ ही उपजात, जिला ग्रीक ओरेगॅनो म्हणतात, जिभेला झिणझिण्या आणण्याइतकी तिखट असते. ग्रीसमध्ये तिला रिगानी म्हणतात आणि इटलीत ओरिगानो. तुर्कस्तानात केकिक हा शब्द ओरेगॅनो आणि तिच्यासारख्या वासाच्या इतर काही रानपाल्यांसाठी मिळून वापरला जातो. जगाच्या बाजारात येणाऱ्या वाळलेल्या ओरेगॅनोचा मोठा वाटा तुर्कस्तानातूनच येतो.

ओरेगॅनो भारतात उगवतो का, की तो पूर्णपणे परदेशी आहे?

तो हिमालयात रानटी उगवतो. काश्मीरपासून हिमाचल आणि उत्तराखंडापर्यंतच्या थंड पट्ट्यात हीच प्रजाती आढळते आणि उत्तराखंडात तिला वनतुळस म्हणून ओळखतात. महाराष्ट्राच्या रानात मात्र ती आढळत नाही, त्यामुळे आपल्याकडे तिला जुने मराठी नाव नाही. ओरेगॅनो हाच शब्द आता रुळला आहे आणि तोच वापरणे सोयीचे आहे.

मरवा आणि ओरेगॅनो एकच आहेत का?

एकच नाहीत, पण सख्खे नातेवाईक आहेत. वेणीत अबोलीबरोबर गुंफला जाणारा, दवण्याच्या जोडीने ज्याचे नाव घेतले जाते तो मरवा म्हणजे ओरिगॅनम मेजोराना, अर्थात युरोपातील स्वयंपाकात मार्जोरम म्हणून वापरली जाणारी वनस्पती. वंश एक आणि प्रजाती वेगळी. मरव्याचा वास गोडसर आणि मऊ असतो. ओरेगॅनोचा वास उग्र, किंचित कडवट आणि उष्ण असतो. आपण जे पान पिढ्यान् पिढ्या केसांत माळले, ते जर्मनीत सॉसेजमध्ये पडते, ही मला फार लोभस गोष्ट वाटते. ओरेगॅनो संपला असेल आणि कुंडीत कीटकनाशक न फवारलेला मरवा असेल, तर तो दीडपट घेऊन, पदार्थ उतरवण्याच्या सुमारास घालावा. फुलवाल्याकडचा मरवा खाण्यासाठी घेऊ नये, कारण त्यावर काय फवारले आहे हे कळण्यास मार्ग नसतो.

रोपवाटिकेतून आणलेल्या ओरेगॅनोची पाने जाड आणि मऊ लव असलेली आहेत. हे खरे ओरेगॅनोच आहे का?

बहुधा नाही, तो पानओवा असावा. आपण ज्याच्या पानांची भजी करतो, ती ही वनस्पती. तिची पाने जाड, रसरशीत, मखमली आणि करवती कडांची असतात, तर ओरेगॅनोचे पान पातळ, अंडाकृती आणि अंगठ्याच्या नखाएवढे किंवा त्याहून लहान असते. पानओव्याला क्युबा आणि आसपासच्या बेटांवरील नावावरून क्यूबन ओरेगॅनो असेही म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. मलाही एकदा रोपवाटिकेतून ओरेगॅनो म्हणून हेच रोप मिळाले होते आणि आठवडाभर मी त्याचा सॉस का जमत नाही याचा शोध घेत होते. दोन्हींच्या वासात कार्व्हॅक्रॉल हा समान घटक असल्यामुळे नाकाला फसगत लवकर कळत नाही. मात्र पानओव्याच्या पानात पाणी फार असते आणि वाळवल्यावर त्याचा स्वाद बराच उतरतो. त्याची भजी करावी, ती अप्रतिम होतात. इटालियन सॉसमध्ये तो घालू नये.

ओरेगॅनोला ओव्यासारखा वास का येतो, आणि ओवा घातला तर चालेल का?

ओव्याच्या दाण्याचा वास प्रामुख्याने थायमॉल या द्रव्यामुळे येतो, तर ओरेगॅनोचा मुख्यतः कार्व्हॅक्रॉलमुळे, आणि त्याच्या जोडीला कमीअधिक थायमॉलही असते. ही दोन्ही द्रव्ये रासायनिकदृष्ट्या जवळजवळ जुळी आहेत: अणूंची संख्या तीच, फक्त एका गटाची जागा वेगळी. म्हणून ओरेगॅनोचा वास प्रथमच घेणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडून हमखास ‘ओव्यासारखाच की’ असे निघते, आणि त्याचे म्हणणे बरोबर असते.

अडचणीच्या वेळी ओवा चालतो, पण फार जपून. एक छोटा चमचा ओरेगॅनोऐवजी दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढाच ओवा घ्यावा, तो तळहातावर चोळावा आणि तेलात टाकावा. त्याहून जास्त झाला तर सॉसला पोटदुखीच्या काढ्याची आठवण येऊ लागते. कसुरी मेथी ही दिसायला ओरेगॅनोसारखी असली, तरी तिची चव पूर्णपणे वेगळी आहे आणि ती पर्याय म्हणून वापरू नये.

पिझ्झाबरोबर येणारी पुडी म्हणजे ओरेगॅनोच ना?

त्या पुडीवर बहुधा ‘ओरेगॅनो सीझनिंग’ असे लिहिलेले असते, आणि यातला दुसरा शब्द महत्त्वाचा आहे. अशा मिश्रणात ओरेगॅनोबरोबर मीठ, लसणाची पूड, कांद्याची पूड, मिरची आणि इतर वाळलेले पाले असू शकतात. वेष्टनावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापली जाते, त्यामुळे ओरेगॅनो त्या यादीत कितव्या स्थानावर आहे हे पाहिले की उत्तर मिळते. हे मिश्रण भाजलेल्या मक्यावर किंवा टोस्टवर चांगले लागते. परंतु पाककृतीत ‘एक चमचा ओरेगॅनो’ लिहिलेले असताना ही पुडी रिकामी केली, तर मीठ दुप्पट होते आणि ओरेगॅनो जेमतेम पडतो. ज्यांना ‘ओरेगॅनो खारट असतो’ असे वाटते, त्यांनी बहुतेक वेळा केवळ सीझनिंगच खाल्लेले असते.

ताजा ओरेगॅनो चांगला की वाळलेला?

कोथिंबीर, तुळस किंवा पुदिना यांच्याबाबत ताजेपणाला तोड नाही. ओरेगॅनोचे मात्र उलट आहे. त्याच्या स्वादद्रव्यांना वाळवणीत टिकून राहण्याची ताकद असते आणि पाणी निघून गेल्यावर पानाचा कच्चा, हिरवट कडवटपणाही कमी होतो. म्हणूनच दक्षिण इटली आणि ग्रीसमधील घरांत उन्हाळ्यात जुड्या बांधून ओरेगॅनो वाळवतात आणि वर्षभर तोच वापरतात. शिजणाऱ्या पदार्थासाठी वाळलेला आणि न शिजवता खायच्या पदार्थासाठी थोडासा ताजा, असा साधारण नियम ठेवावा.

प्रमाण बदलताना एक छोटा चमचा वाळलेल्या पानांच्या जागी तीन छोटे चमचे, म्हणजे एक मोठा चमचा, चिरलेली ताजी पाने धरावीत. वाळलेल्या पानांचा एक सपाट छोटा चमचा सुमारे १ ग्रॅम भरतो. त्यामुळे १० ग्रॅमच्या बाटलीत अंदाजे दहा चमचे असतात, आणि चार माणसांच्या सॉसला दीड ते दोन चमचे लागतात हे पाहता ती बाटली वर्षभर पुरवण्यात काटकसर नाही. बारीक दळलेली पूड असेल तर ती पानांच्या निम्मीच घ्यावी.

ओरेगॅनो पदार्थात नेमका कधी आणि कसा घालावा?

वापरण्यापूर्वी वाळलेली पाने तळहातावर घेऊन, कसुरी मेथी चोळतो तशी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चोळावीत. पानांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म तैलग्रंथी असतात. चोळल्यावर त्या फुटतात आणि वास मोकळा होतो. चोळल्यानंतर तळहात नाकाशी नेऊन पाहावा. तिखट, उबदार आणि किंचित कापरासारखा वास आला तर माल चांगला आहे, आणि वाळक्या गवताचा वास आला तर त्या बाटलीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

यानंतरची महत्त्वाची गोष्ट तेल. ओरेगॅनोची स्वादद्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, पण तेलात आणि लोण्यात सहज उतरतात. आपल्याला फोडणीची सवय असल्यामुळे हे तत्त्व नवे नाही. फरक आहे तो तापमानाचा. मोहरी तडतडण्याइतक्या तापलेल्या तेलात ओरेगॅनो टाकला तर दोन-तीन सेकंदांत तो काळा पडतो आणि सगळा पदार्थ कडू होतो. तेल जेमतेम गरम असावे, लसूण आधी पडलेला असावा आणि त्याच्या कडा फिकट सोनेरी होऊ लागल्या की आच मंद करून ओरेगॅनो घालावा. दहापर्यंत अंक मोजावेत, आणि लगेच टोमॅटो, भाजी किंवा थोडे पाणी घालून तेलाचे तापमान खाली आणावे. वास स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोहोचला की समजावे, जमले.

ताजी पाने असतील तर हा क्रम बदलतो. ती पातळ असल्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत घालावीत. वाळलेला ओरेगॅनो आच बंद केल्यानंतर वरून भुरभुरणे मात्र टाळावे. तो तेव्हा ना भिजतो ना खुलतो. दातांखाली काड्यांसारखा येतो आणि घशात टोचतो.

टोमॅटोच्या सॉसमध्ये ओरेगॅनो घालूनही बाहेरच्यासारखी चव येत नाही. काय चुकते?

दोन गोष्टी चुकतात: आपण सॉसला वेळ कमी देतो, आणि आपल्या टोमॅटोचा आंबटपणा लक्षात घेत नाही. बाजारातील बरेचसे टोमॅटो लांबच्या प्रवासासाठी थोडे कच्चे काढलेले असतात. त्यांच्यात आंबटपणा असतो, पण गर आणि गोडी कमी. कडवट ओरेगॅनो आणि आंबट टोमॅटो एकमेकांशी भिडले की सॉस उग्र लागतो, आणि मग केचप घालून तो सावरला जातो.

चार माणसांसाठी मी पुढीलप्रमाणे करते. एक किलो पूर्ण पिकलेले, हाताला मऊ लागणारे लाल टोमॅटो घेऊन ते दोन-तीन दिवस फ्रीजबाहेर टोपलीत ठेवावेत. तळाशी फुलीची चीर देऊन उकळत्या पाण्यात एक मिनिट टाकावेत, साली काढाव्यात आणि गर हातानेच कुस्करावा. मिक्सरमध्ये फिरवल्यास हवा शिरून त्याचा रंग गुलाबी होतो. जाड बुडाच्या पातेल्यात चार मोठे चमचे तेल घेऊन त्यात एक बारीक चिरलेला कांदा आणि अर्धे किसलेले गाजर मंद आचेवर पंधरा मिनिटे परतावे. साखरेचे काम हे दोघे करतात आणि ते साखरेपेक्षा चांगले करतात. मग पाच-सहा लसूण पाकळ्यांचे काप, त्यानंतर दीड छोटा चमचा चोळलेला ओरेगॅनो, आणि दहा सेकंदांनी टोमॅटो व एक छोटा चमचा मीठ घालावे. झाकण अर्धवट ठेवून तीस ते पस्तीस मिनिटे मंद आचेवर शिजू द्यावे. सुरुवातीला पातेल्यात पाणी वेगळे आणि गर वेगळा दिसतो. हळूहळू बुडबुडे जड होतात, ‘फुट् फुट्’ असा आवाज येऊ लागतो आणि शेवटी कडेने केशरी तेल सुटते. भाजीचा रस्सा झाला हे आपण ज्या खुणेने ओळखतो तीच ही खूण. उतरवण्याच्या पाच मिनिटे आधी आणखी अर्धा चमचा ओरेगॅनो चोळून घालावा, म्हणजे आधीचा मुरलेला स्वाद आणि नंतरचा टवटवीत वास असे दोन्ही मिळतात.

पिझ्झावर ओरेगॅनो चीजच्या वर घालावा की खाली?

घरच्या ओव्हनमध्ये खाली. याचे कारण समजण्यासाठी पिझ्झाचे माहेर असलेल्या, इटलीतील नेपल्स शहराकडे पाहावे लागते. तिथल्या पारंपरिक पिझ्झाचे दोनच प्रकार युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमावलीत नोंदवलेले आहेत, मारिनारा आणि मार्गेरिटा. यांपैकी ओरेगॅनो आहे तो मारिनारावर, आणि त्यावर चीज मुळीच नसते. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल एवढेच. मार्गेरिटावर चीज असते आणि त्याच्या जोडीला तुळशीसारखी बेसिलची पाने. लाकडाच्या भट्टीचा तळ सुमारे ४८५ अंश सेल्सिअस तापलेला असतो आणि पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर येतो, म्हणून वर ठेवलेला, तेलाने भिजलेला ओरेगॅनो जळण्याआधीच त्याचे काम संपते.

आपल्या घरचा ओव्हन २५० अंशांपर्यंत जातो आणि पिझ्झाला आठ-दहा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात चीजवर कोरडा पडलेला ओरेगॅनो करपतो. तो सॉसवर भुरभुरून, त्यावर तेलाचे काही थेंब टाकून मग चीज पसरले, तर चीजच्या खाली तो वाफेत आणि स्निग्धतेत छान खुलतो. तव्यावरच्या पिझ्झालाही हाच नियम लागू आहे.

इटालियन पदार्थांखेरीज ओरेगॅनो कुठे वापरतात?

ग्रीसमध्ये त्याचा वापर कदाचित सर्वांत मोकळ्या हाताने होतो. टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि फेटा चीज यांच्या सॅलडवर वाळलेला ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल घालतात. तिथे तो शिजत नाही, पण तेलात आणि टोमॅटोच्या रसात भिजतो, म्हणून सॅलड वाढण्याआधी दहा मिनिटे मुरू द्यावे. लिंबू, तेल आणि ओरेगॅनो लावून भाजलेले बटाटे व मांस हेही तिथले रोजचे खाणे आहे. फेटाऐवजी आपले पनीर वापरायचे असेल तर पनीरचे तुकडे मिठाच्या पाण्यात तासभर ठेवावेत. फेटा होणार नाही, पण सॅलड फिके लागणार नाही.

अर्जेंटिनात भाजलेल्या मांसाबरोबरच्या चिमिचुरीत वाळलेला ओरेगॅनो, पार्स्ली, लसूण, मिरची, व्हिनेगर आणि तेल असते. लेबनॉन, सीरिया आणि पॅलेस्टाईनच्या झातर मिश्रणात ओरेगॅनोचीच बहीण असलेली ओरिगॅनम सिरियाकम ही प्रजाती, तीळ आणि सुमाक हे आंबट फळ यांच्यासह येते. तीळ भाजून चटणी करणाऱ्या आपल्या घरांना ते मिश्रण परके वाटणार नाही.

मेक्सिकन ओरेगॅनो ही मात्र वेगळीच वनस्पती आहे. तिचे कूळ घाणेरीचे, आणि वासात लिंबाच्या सालीची झाक. राजमा आणि लाल मिरचीच्या पदार्थांना ती शोभते. बाटलीवर ‘मेक्सिकन’ असे लिहिले असेल तर ती पिझ्झासाठी घेऊ नये.

आपल्या रोजच्या मराठी स्वयंपाकात ओरेगॅनो वापरता येईल का?

येईल, पण सगळीकडे नव्हे. माझे मत स्पष्ट आहे: गोडा मसाला, ओले खोबरे, आमसूल किंवा भरपूर कोथिंबीर जिथे मुख्य आहे तिथे ओरेगॅनोला बोलावू नये. आमटीत तो उपरा वाटतो आणि थालीपिठात भाजणीतल्या धणे-जिऱ्याशी त्याचे भांडण होते.

जिथे पदार्थ साधा आहे आणि टोमॅटो, बटाटा, मका, वांगे, ढोबळी मिरची किंवा अंडे हे त्याचे मूळ आहे, तिथे तो मनापासून रमतो. बेसनाच्या टोमॅटो ऑम्लेटमध्ये ओव्याच्या जागी अर्धा चमचा ओरेगॅनो घालून पाहावा. पिठात तो दहा मिनिटे भिजतो, तव्यावरच्या तेलात खुलतो आणि ओव्याचाच धाकटा भाऊ असल्यासारखा वागतो. वांग्याच्या कापांना हळदीऐवजी मीठ, मिरपूड आणि ओरेगॅनो लावून रव्यात घोळवले तर तेही चांगले लागतात. लसूण-पावासाठी १०० ग्रॅम मऊ लोण्यात चार-पाच ठेचलेल्या पाकळ्या आणि एक छोटा चमचा ओरेगॅनो कालवून अर्धा तास ठेवावे आणि मगच पावाला लावावे. तो अर्धा तास वगळला तर चव निम्मी राहते.

मासे खाणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. दक्षिण इटलीतील सिसिली आणि कालाब्रिया या भागांत भाजलेल्या तलवारमाशावर साल्मोरिल्यो नावाची पातळ चटणी ओततात. आपली सुरमईदेखील तशीच घट्ट मांसाची असून तिच्याही जाड गोल तुकड्या पाडता येतात, त्यामुळे ही चटणी तिला अगदी बरोबर बसते. अर्धी वाटी ऑलिव्ह तेल, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, दोन मोठे चमचे गरम पाणी, ठेचलेल्या लसणाची एक पाकळी, एक छोटा चमचा ओरेगॅनो आणि मीठ एका वाडग्यात घेऊन काट्याने भराभर फेटावे. तेल आणि पाणी मिळून मिश्रण दाटसर, दुधाळ झाले की ते नुसत्या मिठाने तव्यावर भाजलेल्या सुरमईवर गरम असतानाच घालावे. तिरफळाच्या कालवणाची सर त्याला येणार नाही आणि यावी अशी अपेक्षाही नाही, परंतु ज्या दिवशी हलके जेवायचे असते त्या दिवशी हा मासा फार समाधान देतो.

ओरेगॅनो जास्त झाला आणि पदार्थ कडू लागला तर काय करावे?

पदार्थाचे प्रमाण वाढवणे हा खरा उपाय. सॉस असेल तर आणखी टोमॅटो, आणि शक्य असल्यास दोन चमचे साय किंवा लोणी घालावे, कारण स्निग्धता कडवटपणाची धार बोथट करते. साखर घातल्याने पदार्थ गोड-कडू होतो, बरा होत नाही. ओरेगॅनो जळून कडू झाला असेल तर मात्र ते तेल टाकून देऊन नव्याने सुरुवात करणेच योग्य.

विकत घेताना चांगला ओरेगॅनो कसा ओळखावा? त्यात भेसळ असते का?

असू शकते. ब्रिटनमध्ये २०१५ साली ‘विच?’ या ग्राहक संस्थेसाठी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील ख्रिस एलियट यांनी वाळलेल्या ओरेगॅनोचे ७८ नमुने तपासले, तेव्हा सुमारे चतुर्थांश नमुन्यांत ऑलिव्हच्या किंवा मर्टल या झुडपाच्या पानांची भेसळ आढळली. कुस्करलेली हिरवट पाने एकमेकांसारखी दिसतात, म्हणून ही लबाडी सोपी असते.

घरच्या घरी भेसळीची खात्री करता येत नाही, तरी काही गोष्टी पाहता येतात. पूड घेण्याऐवजी पानांचे ओळखू येतील एवढे तुकडे असलेला माल घ्यावा. रंग फिकट हिरवा-करडा असावा. पिवळट किंवा तपकिरी पाने जुनी असतात. काही दुकानांत वाळलेल्या फांद्यांच्या जुड्याच मिळतात, आणि महाग असल्या तरी त्या सर्वांत विश्वासाच्या. मोठ्या पाकिटापेक्षा लहान बाटली घ्यावी.

पावसाळ्यात बाटलीतला ओरेगॅनो सादळतो. तो कसा साठवावा?

हवाबंद काचेच्या बाटलीत, गॅसच्या शेगडीपासून दूर, अंधाऱ्या कपाटात. सादळण्याचे खरे कारण बहुधा बाटलीवरचे छिद्रांचे झाकण असते. उकळत्या पातेल्यावर बाटली उलटी धरली की वाफ थेट आत जाते. नेहमी कोरड्या चमच्याने बाहेर काढूनच घालावा. चांगल्या साठवणीत तो वर्षभर उत्तम राहतो. त्यानंतर खराब होत नाही, फक्त वास उतरत जातो. बुरशीचा वास आला किंवा गठ्ठे झाले तर तो टाकून द्यावा.

ताजा ओरेगॅनो आणि लसूण तेलात बुडवून ठेवता येतो का?

बाहेर, ओट्यावर ठेवता येत नाही, आणि याबाबत तडजोड करू नये. लसणावर आणि ताज्या पानांवर मातीतील क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली हवा नसते आणि आम्लही नसते, त्यामुळे ते तिथे वाढून प्राणघातक विष तयार करू शकतात, ज्याला वास किंवा चव नसते. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा असतो म्हणून ते टिकते. नुसत्या तेलाला हा न्याय लावू नये. असे तेल लागेल तेवढेच करावे, फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. जास्त दिवस हवे असेल तर पाने चिरून, तेलात कालवून बर्फाच्या साच्यात गोठवावीत.

महाराष्ट्राच्या हवामानात ओरेगॅनो कुंडीत लावता येतो का?

येतो, आणि उन्हाळ्यापेक्षा पावसाळाच त्याचा खरा शत्रू आहे. पुण्यातील गच्चीवर माझी पहिली तीन रोपे मार्च ते मे उत्तम वाढली आणि जुलैत मुळे कुजून आठवड्याभरात गेली. तेव्हा मी त्यांना तुळशीच्या कुंडीतली माती आणि तुळशीएवढेच पाणी देत होते. ओरेगॅनोला पाण्याचा झटपट निचरा लागतो. मातीची कुंडी घ्यावी, दोन भाग मातीला एक भाग जाड वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत मिसळावे, आणि तळाच्या भोकावर खापरीचे तुकडे ठेवावेत. बोटाचे एक पेर मातीत घालून ती कोरडी लागल्याखेरीज पाणी घालू नये. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली किंवा उजेडाच्या खिडकीत हलवावी. रोज निदान सहा तास ऊन मिळाले तर पानात वास भरतो. सावलीतले रोप हिरवेगार दिसते पण फिके लागते.

बियाणे अतिशय बारीक असते. ते मातीवर नुसते पसरावे, पुरू नये, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर ही पेरणीची चांगली वेळ. त्याहून सोपे म्हणजे चार बोटे लांबीची फांदी खालची पाने काढून ओलसर वाळूत खोचणे. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. शेंडे वरचेवर खुडावेत, म्हणजे झुडूप दाट होते.

घरचा ओरेगॅनो कसा वाळवावा?

कळ्या धरल्या आहेत पण फुले उमललेली नाहीत, अशा वेळी पानांत सुगंधी तेल भरपूर असते. दव सुकल्यावर, सकाळी, रोपाच्या वरच्या दोन तृतीयांश फांद्या कापाव्यात. लहान जुड्या बांधून हवेशीर सावलीत उलट्या टांगाव्यात. उन्हात रंग आणि वास दोन्ही उडतात. कोरड्या हवेत आठ-दहा दिवसांत पाने बोटांत चुरा होण्याइतकी कडक होतात. मग ती काड्यांवरून ओरबाडून अख्खीच बाटलीत भरावीत आणि वापरतानाच चोळावीत. पावसाळ्यात वाळवायचा प्रयत्न करू नये, बुरशी येते.

ओरेगॅनो औषधी आहे का? तो रोज खाल्ला तर चालेल का?

स्वयंपाकात चमचा-दीड चमचा घातला जातो, तेवढा बहुतेक सर्वांना चालतो. पुदिना किंवा तुळशीच्या कुळाची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र जपावे. बाजारात मिळणारे ओरेगॅनोचे अर्कतेल ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. ते अतिशय तीव्र असते, त्वचेला आणि घशाला भाजू शकते, आणि ते पदार्थात घालण्यासाठी नाही. गरोदर स्त्रियांनी आणि रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी असे तेल किंवा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. लहान मुलांना पिझ्झातला ओरेगॅनो चालतो; तेलाची बाटली मात्र त्यांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी.